फक्त तुझ्या खात्यापुरतं

कांदिवली, ७ एप्रिल २०२५

सुशांत,

काम पडलं तेव्हा ताईला भाऊ आठवला, असं तू म्हणशील. म्हण. काम पडलंच आहे. गणपतीत गावी जे झालं त्याबद्दल हे पत्र नाही, तेव्हा वाचायच्या आधीच कपाळाला आठ्या घालू नकोस.

आमच्या ऑफिसनं मेल बदलली. सामंतसाहेबांना कुणीतरी पटवलं की जुना सर्व्हर जुनाट झालाय, आता सगळ्यांनी क्विकडाकवर जायचं. क्विकडाक म्हणजे तुमचं. तुझ्या कंपनीचं नाव आईच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की मला आधी बरंच वाटलं. घरचंच आहे म्हटलं. मग सकाळी खुर्चीत बसले आणि माझी वाट लागली.

मी मेल कशी वाचते ते तुला माहीत आहे, तरी पुन्हा लिहिते, म्हणजे तुझ्या साहेबांना हे पत्र जसंच्या तसं दाखवता येईल. मला दिसत नाही. कॉम्प्युटरमधलं एक सॉफ्टवेअर मला स्क्रीनवरचं कानात वाचून दाखवतं. त्याच्या जोडीला मी एक साधा, जुना मेल प्रोग्रॅम वापरते. तूच कॉलेजात असताना मला तो बसवून दिला होतास. आयमॅप नावाची एक बोली आहे, ती जगातल्या बहुतेक सर्व्हरना येते आणि माझ्या प्रोग्रॅमलाही येते, म्हणून सर्व्हर कुणाचाही असला तरी माझं काम अडलं नाही. इतकी वर्षं अंधेरीच्या या ऑफिसचा सगळा पत्रव्यवहार मी असाच सांभाळला. विमानानं भाजी पाठवणारे व्यापारी मेल करतात, मी वाचते, उत्तर टाकते आणि सहार विमानतळाच्या कार्गोत उभ्या असलेल्या आमच्या नंदूला फोनवर सांगते, काय कुठल्या विमानाला लावायचं. क्लिअरिंग एजंटकडे, म्हणजे व्यापाऱ्यांचे कस्टमचे कागद करून माल पुढे लावणाऱ्याकडे, हे टेबल चुकलं की माल चुकतो.

क्विकडाकला आयमॅप चालत नाही. त्याची स्वतःची काहीतरी खाजगी बोली आहे आणि ती फक्त क्विकडाकच्याच ॲपला कळते. ते ॲप मी उघडलं. कानात आलं: बटण, बटण, चित्र, बटण, बटण. कुठलं बटण कशाचं हे आत कुणी लिहिलेलंच नाही. अंदाजानं एक दाबलं तर एका व्यापाऱ्याची मेल उडाली. तुमच्या मदत केंद्राला फोन केला. एक मुलगी गोड आवाजात म्हणाली, मॅडम, बाहेरचा प्रोग्रॅम जोडणं तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही. पाणी आमचं, पण भांडं तुमच्याच दुकानातलं लावलं तरच नळ सोडणार, असा हा प्रकार.

सामंतसाहेब म्हणाले, मे अखेरपर्यंत बघू. नाही जमलं तर मला टेलिफोनच्या टेबलावर बसवतील. टेलिफोनला मी कमी लेखत नाही, पण आता सगळ्यांच्या खिशात मोबाइल आहे आणि ते टेबल नावापुरतं उरलंय. तिथे बसवलेलं माणूस हळूहळू घरी जातं. आमच्या मधुवंतीबाईंची नोकरी तशीच गेली.

मागणं एकच आहे. आयमॅप उघडा. तू सर्व्हरच्याच टीममध्ये आहेस असं आई सांगते.

तुला लिहिलंय हे तिला सांगितलेलं नाही.

ताई


कांदिवली, १६ एप्रिल

सुशांत,

तुझं उत्तर आलं. गणपतीनंतरचे तुझे पहिले शब्द, आणि ते मला वाचता आले नाहीत.

तू ऑफिसच्या क्विकडाकवरून लिहिलंस ना? ते माझ्या घरच्या मेलवर एक बंद फाइल होऊन आलं. आत मजकूर नाही, काही नाही, नुसती जोडलेली फाइल. माझ्याकडच्या कुठल्याच प्रोग्रॅमला ती उघडेना. क्विकडाकचं पत्र क्विकडाकच्या बाहेर पडलं की असं होतं, हे तुमच्या माहितीपत्रकात कुठे लिहिलंय का?

शेवटी ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या रुचिराला सांगितलं. तिनं ते आपल्या ॲपमध्ये उघडलं आणि मला वाचून दाखवलं. "ताई, बघतो. वेळ लागेल. आई कशी आहे? तू अजून रागावली आहेस का?" रुचिरा चांगली मुलगी आहे, पुढे काही विचारलं नाही. पण भावाबहिणीतलं बोलणं तिसऱ्या माणसाच्या तोंडून ऐकताना मला काय वाटलं असेल याचा विचार कर. मी तिला म्हटलं, थँक्यू गं, आणि बाथरूममध्ये जाऊन उभी राहिले.

आई बरी आहे. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हो.

यापुढे घरच्या मेलवरून लिही आणि साधं लिही.

ताई


कांदिवली, २५ एप्रिल

सुशांत,

तू अजून बघतोच आहेस. तोवर इथे काय झालं ते ऐक.

क्विकडाकमधून बाहेर पाठवताना 'साधा मजकूर' निवडला की बंद फाइल होत नाही, हे रुचिराला सापडलं, आणि सगळं ऑफिस आता बाहेर तसंच पाठवतं. सध्या रुचिरा माझ्या सगळ्या मेल माझ्या घरच्या पत्त्यावर ढकलते आणि मी त्या माझ्या जुन्या प्रोग्रॅममध्ये वाचते. दुसरा इलाजच नाही. आता आमच्या सामंतसाहेबांची एक सवय आहे. ते उत्तर वेगळं लिहीत नाहीत. व्यापाऱ्याच्याच मेलमध्ये त्याचे शब्द खोडतात, बाजूला लाल रंगात आपले शब्द घालतात आणि वर लिहितात, "माझे बदल लाल रंगात पाहावे." अर्ध्या मुंबईची ऑफिसं अशीच चालतात. मला लाल काय नि हिरवं काय, पण आमच्या जुन्या सर्व्हरवर मी साहेबांकडून एवढं कबूल करून घेतलं होतं की बदलाआधी एक चांदणी टाकायची. माझं सॉफ्टवेअर चांदणी वाचायचं, मला कळायचं. क्विकडाक आल्यावर साहेब म्हणाले, आता रंग इतके झकास दिसतात, चांदणी कशाला?

मंगळवारी भेंडी आणि कारल्याची मेल आली. व्यापाऱ्यानं लिहिलं होतं, भेंडी आज लावा, कारली उद्या. साहेबांनी दोन्ही खोडून उलटं केलं, कारण भेंडीचे कागद यायचे होते. मेल क्विकडाकच्या बाहेर पडली आणि लालही गेलं, खोडलेली रेघही गेली. माझ्या कानात आलं: "भेंडी आज उद्या लावा, कारली उद्या आज."

पुन्हा ऐकलं. पुन्हा तेच. साहेब कस्टममध्ये, फोन बंद. रुचिरा मेल ढकलून अर्ध्या दिवसाच्या रजेवर गेलेली. नंदू गेटवर ट्रक घेऊन उभा आणि मागून गाड्या हॉर्न मारतायत. तो म्हणाला, "मॅडम, काय ते बोला ना, इथे लोक शिव्या घालतायत." मी आधीचा शब्द धरला. भेंडी आज, कारली उद्या.

भेंडी कागदांविना परत आली. कारली गोडाऊनच्या उकाड्यात पिवळी पडून फुटली. व्यापाऱ्यालाही मेल तशीच गेली होती, तोही क्विकडाकवर नाही. त्याला वाटलं साहेबांनी थट्टा केली. तो आता दुसऱ्या एजंटकडे गेला.

मजा अशी, की त्या व्यापाऱ्याचे दोन्ही डोळे शाबूत आहेत, तरी त्यालाही कळलं नाही. पण ऑफिसात बोलणं काय झालं? मृणालिनीला आता झेपत नाही. साहेबांनी मे अखेर बदलून मेची पंधरा तारीख केली. मला इतका संताप आला की घरी येऊन आईवरच खेकसले. तिनं शांतपणे भात वाढला आणि विचारलं, "सुशांताचो काय फोन इलो?" तिला वाटतं माझं काहीही बिनसलं की त्याचं मूळ तू आहेस. या वेळी ती बरोबर आहे.

ताई


कांदिवली, ६ मे

सुशांत,

चाललं.

तू पाठवलेलं सर्व्हरचं नाव आणि पोर्ट घातलं, पासवर्ड टाकला, आणि माझ्या जुन्या प्रोग्रॅमनं ऑफिसच्या सगळ्या मेल ओळीनं वाचायला सुरुवात केली. मी खुर्चीत बसल्या बसल्या रडले. रुचिराला वाटलं कुणी गेलं. तुझे उपकार झाले, हे मी लिहिते आहे, आणि ते लिहिताना मला किती जड जातंय हे तुलाही कळत असेल.

आता राग. तू लिहिलंस, आयमॅप सर्व्हरमध्ये पहिल्यापासून आहे. प्रत्येक खात्यासमोर एक चौकोन आहे, त्यात खूण केली की उघडतं. विक्रीवाल्यांनी तो बंद ठेवायला लावला, कारण गिऱ्हाइकाला बाहेरचा प्रोग्रॅम जोडता आला की उद्या तो सर्व्हरही बाहेरचा घेईल. मग ती गोड आवाजाची मुलगी मला तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही असं का म्हणाली? एका खुणेसाठी मी महिनाभर मेल्यासारखी जगले.

आणि तुझं शेवटचं वाक्य: "फक्त तुझ्या खात्यापुरतं करतोय, कुणाला सांगू नकोस."

गावी आरतीनंतर सगळे पाहुणे बसले असताना तू काय म्हणालास ते मला शब्दन् शब्द आठवतं. ताईनं आता नोकरीची दगदग सोडावी, मी आहे ना. काकी लगेच म्हणाली, किती गुणाचा. माझ्या पगारावर ते घर चालत होतं तेव्हा तू हॉस्टेलात होतास, हे कुणाला आठवलं नाही. तुलाही नाही. मी ताटावरून उठले ते त्यामुळे. मला तुझी माया नको होती असं नाही. मला चारचौघांसारखं माझ्या कामावर जगायचं होतं, आणि आज माझं काम तू गुपचूप केलेल्या एका खुणेवर उभं आहे. तुझी बदली झाली, कुणी तपासणी केली, तुझं माझं पुन्हा वाजलं, की संपलं.

तरी मी ती खूण घेतली आहे. पंधरा तारीख जवळ होती.

सगळ्यांसाठी उघडायचं बघ. सांगितल्याशिवाय राहवत नाही.

ताई


कांदिवली, २९ मे

सुशांत,

तुमचा देवेश आला होता. विक्रीचा. सेंट खूप मारतो आणि प्रत्येकाला पहिल्या नावानं हाक मारतो. साहेबांनी कौतुकानं त्याला माझ्या टेबलाशी आणलं. पंधरा तारीख उलटून गेली होती, एकही मेल चुकली नव्हती, व्यापारी खूश होते, नंदू म्हणत होता मॅडम फॉर्मात आहेत. साहेबांना वाटतं मला क्विकडाक जमलं.

देवेशनं विचारलं, मृणालिनी, एक छोटासा व्हिडिओ घेऊ का? मी हो किंवा नाही म्हणायच्या आत साहेब म्हणाले, घ्या की. मी मेल ऐकत होते, टाइप करत होते, आणि तो माझ्यामागे उभा राहून इंग्रजीत सांगत होता की आमच्या क्विकडाकवर दृष्टिहीन व्यक्तीसुद्धा किती सहज काम करते बघा. त्या स्क्रीनवर क्विकडाक नव्हतंच. त्यानं पाहिलं नाही. रुचिरानं पाहिलं आणि ती खोकली.

मी गप्प बसले, कारण तू सांगू नकोस म्हणालास. इतकी गप्प मी आयुष्यात कधी बसले नाही. आईला विचार.

तू सगळ्यांसाठी उघडण्याबद्दल काही लिहिलं नाहीस. आंबे मिळाले का विचारलंस. मिळाले. गोड होते.

ताई


कांदिवली, १४ जून

सुशांत,

काल अनंतचा फोन आला. तू त्याला ओळखत नाहीस. कॉम्प्युटरच्या वर्गात आम्ही एका बाकावर होतो, तोही माझ्यासारखाच कानानं वाचणारा. मुलुंडला एका औषध कंपनीत तक्रारींच्या मेल बघतो. त्यांच्याकडेही क्विकडाक घेतलं. त्यालाही बटण, बटण, चित्र. त्यानंही सांगितलं की मला आयमॅप द्या, आणि त्यालाही सांगण्यात आलं की शक्य नाही.

मग त्याच्या साहेबांनी त्याला मीटिंगमध्ये बोलावून माझा व्हिडिओ लावला. म्हणाले, अंधेरीच्या या मॅडमना जमतं, मग तुम्हालाच का जमत नाही? शिकायची तयारी हवी.

अनंत मला रागावून बोलला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "मृणाल, तू त्या ॲपमध्ये पाठवायचं बटण कसं शोधतेस तेवढं मला सांग. मी रोज घरी बसून सराव करतो गं. मला नाही सापडत." त्याची बायको मागून काहीतरी सांगत होती, तिचाही आवाज रडवेला. मी काय सांगणार होते? माझ्या भावानं माझ्यापुरतं मागचं दार उघडलंय, तू बस तसाच पुढच्या दाराशी डोकं आपटत? मी म्हटलं, दोन दिवस दे मला.

सोमवारी अकरा वाजता देवेश आमच्या ऑफिसात येणार आहे. आमच्या इमारतीतल्या बाकीच्या क्लिअरिंग एजंटांना क्विकडाक दाखवायला, आणि नमुना म्हणून मला दाखवायला. मी तिथे सांगणार आहे की मी क्विकडाकचं ॲप कधीच वापरलं नाही, ते मला वापरता येत नाही, आणि तुमच्या सर्व्हरला आयमॅप येतं. तुझं नाव घेणार नाही. मधे शनिवार-रविवार आहे. तुला तुझ्या साहेबांशी आधी बोलायचं असेल तर बोल. तू स्वतः सांगितलंस तर सगळ्यात बरं.

हे लिहिताना मला भीती वाटते आहे, हेही सांगते. टेबल माझंच जाणार आहे.

ताई


कांदिवली, १७ जून

सुशांत,

तुझी एक ओळ रविवारी मिळाली. "प्लीज नको ताई, माझी नोकरी जाईल." मी ती दोनदा ऐकली. एप्रिलपासून मीही तुला हेच लिहीत होते, फक्त लांबण लावून.

काल अकराला सगळे जमले. चहा आला. देवेशनं आपलं सुरू केलं, माझं नाव घेतलं, आणि मी उभी राहिले. मराठीतच बोलले, इंग्रजी शोधायला वेळ नव्हता. अनंतचं सांगितलं. भेंडी-कारल्याचंही सांगितलं, त्यावर दोन-तीन एजंट हसले, मग हसायचे थांबले, कारण त्यांच्याकडेही लाल रंगातच उत्तरं लिहितात. तळमजल्यावरचे धाकू परब म्हणाले, म्हणजे आमचं गिऱ्हाईक तुमच्याकडे नसेल तर आमची लाल अक्षरं त्याला लाल दिसणारच नाहीत, असंच ना? देवेश घाईनं माझ्याकडे वळला. व्हिडिओ काढून टाकतो म्हणाला.

मग तो साहेबांच्या केबिनमध्ये गेला आणि मला आत बोलावलं. आयमॅप उघडणं हा त्यांच्याकडे मोठा गुन्हा आहे म्हणे. कुणी उघडून दिलं ते सांगा, बाकी आम्ही सांभाळून घेऊ, मॅडमच्या खात्याची रीतसर परवानगी काढू. साहेब वाईट नाहीत रे. ते आपल्या बोलीवर आले. "नाव सांग गो मृणाल, तुझां काय जाता? टेबल तुझांच ऱ्हवतला." मी म्हटलं, साहेब, ते मी सांगणार नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच सांगितलं. मग म्हणाले, उद्यापासून टेलिफोनवर बस.

टेबलाशी परत येऊन मी मेल उघडायला गेले. सर्व्हरनं नकार दिला. देवेश तेव्हा अजून केबिनमध्येच होता, त्यानं हैदराबादच्या तुमच्या ऑफिसला फोनही लावला नव्हता. म्हणजे अकरा वाजता मी तिथे उभी राहून तुझं नाव गिळत होते, तेव्हा तू तिकडे बसून खूण पुसत होतास. त्यासाठी मी तुला बोल लावत नाही. मला वाईट वाटलं, एवढंच.

संध्याकाळी तुझा फोन. आईनं पळत पळत आणून दिला, इतकी आनंदली होती. इतक्या महिन्यांनी तुझा आवाज ऐकला आणि पहिलं वाक्य हे, की ताई, तू माझं नाव घेतलं नाहीस ना? मी नाही म्हटलं. तू सुटल्यासारखा श्वास सोडलास, तो मला इथे कांदिवलीत ऐकू आला. मग जेवलीस का विचारलंस. मी फोन आईला दिला.

आज टेलिफोनवर बसले. सकाळपासून चार फोन आले, त्यातले दोन चुकीचे. अनंतला सांगितलं सगळं. त्याचे साहेब अजून हललेले नाहीत, पण त्याला आता घरी सराव करावा लागत नाही. तो म्हणाला, काल बऱ्याच दिवसांनी झोप लागली.

फोनवर जे सांगायचं राहिलं ते आता लिहिते. मला माझ्यापुरती खूण परत नको, केलीस तरी मी वापरणार नाही. तो चौकोन प्रत्येक खात्यासमोर आहे, आणि तो बंद का आहे हे कंपनीबाहेर ज्यांना माहीत आहे त्यातली मी एक, आणि माझं म्हणणं कुणी धरणार नाही. आत राहून सांगू शकेल असा माणूस तू आहेस. काल तुझं नाव मी घेतलं नाही, ते तुला वाचवायला नव्हे. ते तू स्वतः घ्यायचं आहेस.

ताई